दारासमोर भेंडी शोभते का?

पत्र : विकत घेतलेल्या जुन्या घरापुढे १० बाय १५ फुटांचं मोकळं अंगण आहे. मागच्या बाजूला दिवसभर सावली, म्हणून गेल्या उन्हाळ्यात टोमॅटो, काकडी, दुधी, भेंडी आणि झिनिया असं सगळं पुढेच लावलं. रोज संध्याकाळी न चुकता पाईपने पाणी मारलं. टोमॅटोला फुलं आली आणि गळून गेली. दुधीची बोटाएवढी फळं पिवळी पडून झडली. काकड्या आल्या त्या कडू. झिनियाच्या पानांवर पांढरी भुकटी पसरली. भेंडी तेवढी आली, पण निम्मी जून निघाली. बायको म्हणते, दारासमोर भाजीचा पसारा नको, फुलंच हवीत. मला भाजी हवी आहे. दोन्ही एकत्र लावता येतं का? की हा नाद सोडून सरळ फरशी घालून घेऊ?

उत्तर :

फरशी घालू नका. ती दिवसभर तापेल आणि रात्रभर ती ऊब घरात सोडत बसेल. अंगण जाईलच, वर पुढच्या खोलीची भट्टी होईल. आणि खरं सांगू का, तुमच्या अंगणात मला दोष दिसत नाही. भेंडी आली म्हणजे ऊन पुरेसं आहे आणि मातीत जीव आहे. दोष त्या संध्याकाळच्या पाईपचा आहे. भेंडी बाजूला ठेवली तर चार तक्रारी उरतात. त्यातल्या दोन पाईपपाशी जातात, एक हवामानाची आणि एक दाटीची. भेंडी जून झाली ती मात्र तुमच्या आळसाने, रागावू नका.

आधी पाणी. आज संध्याकाळी नेहमीसारखं पाणी मारा, अर्ध्या तासाने खुरपं घेऊन वीतभर खोल उकरून बघा. वर बोटभर माती काळी, ओली. खाली ठणठणीत कोरडी. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ते इथेही खरं आहे. पानं धुतली जातात, मातीचा वास सुटतो, आपल्याला बरं वाटतं आणि मुळांना काहीच मिळत नाही. मग मुळंही शहाणी होतात, ओल जिथे आहे तिथेच, वरच्या थरात पसरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थर तव्यासारखा तापला की झाड माना टाकतं, आणि तुम्ही पुन्हा पाईप उचलता.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. भाजीच्या वाफ्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर पाणी लागतं. कडक उन्हात त्याच्या दीडपट धरा. तुमचं अंगण साधारण १४ चौरस मीटर. वाट आणि मोकळी जागा वगळून निम्म्यात झाडं असतील तर आठवड्याला १७५ लिटर. आता १५ लिटरची बादली पाईपखाली ठेवा आणि ती किती वेळात भरते ते घड्याळात बघा. मिनिटात भरत असेल तर अख्ख्या आठवड्याचं पाणी बारा मिनिटांत होतं. सहा-सहा मिनिटं दोनदा द्या, ऊन वाढलं की तीनदा. पण मुळाशी, नोजल काढून, पाण्याची धार हळू ठेवून. गेल्या वर्षी तुम्ही यापेक्षा कितीतरी जास्त वेळ उभे राहिला असाल.

पाणी सकाळी द्यावं. माती चिकण असेल तर दोनदा पुरतं. रेताड असेल तर तेवढंच पाणी तीन-चार हप्त्यांत विभागा, नाहीतर ते मुळांच्या खाली निघून जाईल. पेरलेलं बी आणि आठवडाभराची रोपं हा अपवाद. त्यांना रोज थोडं थोडंच लागतं, कारण त्यांची मुळं अजून वरच असतात. आणि दुपारी दोन वाजता काकडीची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबली म्हणून धावू नका. मोठ्या पानांच्या झाडांचं ते नेहमीचं आहे, ऊन उतरलं की सावरतात. पहाटेही मान खाली असेल तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे. शंका आली तर बोट मातीत दोन पेरं घाला. बोटाला ओल लागली तर घरात जाऊन चहा घ्या.

या सगळ्या कष्टांवर आच्छादन नसेल तर पाणी पडतं. वाळकी पानं, वाळलेलं गवत, काय मिळेल ते दोन-तीन इंच जाड पसरा. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. ताजं कापलेलं हिरवं गवत जाड थरात टाकू नका, ते तापतं आणि त्याचा चिखल होतो. उघड्या मातीची फुकट जाणारी ओल यात अडकते, आणि तणही कमी येतं.

आता टोमॅटो. ही तुमची चूक नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास गेलं आणि रात्रही २४-२५ च्या खाली उतरेना की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फूल येतं, दोन दिवस हसतं आणि देठाशी पिवळं पडून गळतं. अशा वेळी लोक खत टाकतात. नत्राचं खत टाकलं की झाड आणखी पानं काढतं आणि फळ आणखी लांबतं. टोमॅटो लावायचाच तर असा लावा की फुलोरा कडक उन्हाच्या आधी येईल, आणि लहान फळांच्या जाती घ्या, त्या उष्णता थोडी जास्त सोसतात. गेल्या वर्षीसारखी झाडं हाताशी असतील तर ती उपटूही नका. दुपारी सावलीची जाळी धरा, पाणी नियमित ठेवा. हवा उतरली की तीच झाडं पुन्हा फळ धरतात. फळाचा खालचा भाग काळा पडून दबला तर बाजारातलं कॅल्शियम आणायला पळू नका. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतं. पाणी एक दिवस महापूर आणि चार दिवस दुष्काळ असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही.

माझं मत विचाराल तर ऐन उन्हाळ्यात टोमॅटोचा हट्टच सोडा. ज्यांना ऊन आवडतं त्यांना जागा द्या : भेंडी, गवार, चवळी, वांगी, राजगिरा, दुधी, दोडका, कारलं. झाडाशी भांडून बाग होत नाही.

दुधीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात गमतीची गोष्ट तिथे आहे. दुधीचं फूल पांढरं असतं आणि ते उमलतं संध्याकाळी, रात्रीच्या पतंगांसाठी. तुम्ही नेमके त्याच वेळी हातात पाईप घेऊन उभे. परागकण भिजला की फुगून फुटतो, तो पुढे कामाचा राहत नाही. महिनाभर रोज संध्याकाळी तुम्ही मनोभावे दुधीचं पीक धुऊन टाकलंत.

वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. पहिले आठ-पंधरा दिवस बहुतेक नुसती नर फुलं येतात. तेव्हा धीर सोडू नये. नर फुलाचा देठ लांब, सडपातळ. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा, मऊ लव असलेला दुधी आधीच बसलेला असतो. ही तुमची 'बोटाएवढी फळं'. ती फळं नव्हतीच, परागाची वाट बघून थकलेली फुलं होती.

करायचं असं. दिवेलागणीला टॉर्च घेऊन बाहेर या. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडून काढून टाका. मधे पिवळा दांडा उरतो, बोट लावलं तर पिवळी पूड लागते. तो मादी फुलाच्या मधल्या, तीन भागांच्या गोळ्यावर हलकेच फिरवा, कुंकू लावावं तसा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. त्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठलं फूल लावलं ते लक्षात राहतं. तीन-चार दिवसांत देठ जाड होऊन दुधी खाली वाकू लागला तर जमलं. पिवळा पडला तर दुसऱ्या फुलावर पुन्हा करा. वेल पाच-सहा फूट झाला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. आणि वेल एकच लावा. नर-मादी दोन्ही त्याच वेलावर असल्याने जोडीदार लागत नाही. मी एका वर्षी हौसेने सहा वेल लावले होते. शेवटी शेवटी मी फाटकाबाहेर पिशवी घेऊन दिसले की शेजारी आतून कडी लावायचे.

दोडक्याचं फूलही संध्याकाळी उमलतं. काकडी आणि कारल्याचं काम सकाळचं. तांबड्या भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन चढेपर्यंत मिटूनही जातं, उशिरा उठणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये. झडलेल्या फळावर सुईने टोचल्यासारखं भोक आणि त्यावर डिंकाचा थेंब दिसला तर गोष्ट वेगळी, ती फळमाशी. अशी फळं गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका, कंपोस्टात नको. परागीकरण झालेल्या कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधली की माशीला टोचायला जागाच राहत नाही.

काकडीचा कडूपणा पुन्हा पाण्याचाच. काकडीच्या कुळात एक कडू द्रव्य मुळातच असतं. ऊन आणि तहान यांचा ताण वाढला की ते फळात उतरतं, देठाच्या बाजूला आणि सालीलगत जास्त. पाणी सुधारलं की पुढच्या काकड्या गोड लागतील. शेजारी कारलं लावल्याने काकडी कडू होते, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तसं होत नाही. परागाचा परिणाम बियात असतो, त्या वर्षीच्या गरात नाही, आणि कारल्याचा पराग काकडीला चालतही नाही. पण एक गोष्ट गंभीरपणे घ्या : दुधी कडू लागला तर तो फेकून द्यायचा. एक फोड चाखून थुंकायची, कडू असेल तर शिजवायचा नाही, रस तर अजिबात काढायचा नाही. कडू दुधीने माणसं दवाखान्यात गेली आहेत, दगावलीही आहेत. शिजवल्याने ते विष जात नाही.

झिनियावरची पांढरी भुकटी म्हणजे भुरी. इथे पाईपला निर्दोष सोडायला हवं, कारण भुरीला पानावर पाणी लागत नाही. तिला लागते दाटी, सावली आणि दमट, कोंदलेली हवा. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. खालची माखलेली पानं काढून टाका. नुकती सुरुवात असेल तर १ भाग दूध आणि ९ भाग पाणी सकाळी फवारून बघा. पूर्ण माखलेल्या झाडावर त्याचा उपयोग नाही, ते उपटा आणि नवीन पेरा. झिनिया दोन महिन्यांत पुन्हा फुलते, तिच्यासाठी रडायचं कारण नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायला जीव धजावत नाही, पण खुडा. एका दांडीच्या जागी चार होतात.

राहिली भेंडी. फूल गळल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग काढायला येते, आणि त्यानंतर दोन दिवसांत जून होते. म्हणजे रविवारची वाट बघून चालत नाही, एक दिवसाआड फेरी हवीच. टोक वाकवून बघा : टचकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर उशीर झाला. जून शेंग झाडावर ठेवू नका. बी तयार झालं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवीन फुलं कमी होतात. भेंडीचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे रोप उपटून लावण्यापेक्षा बी जागेवरच पेरा. रात्रभर भिजत घाला, अर्धा-पाऊण इंच खोल, फूटभर अंतरावर. बारा-पंधरा झाडं लहान घराला पुरतात. सगळी एकदम न पेरता निम्मी तीन आठवड्यांनी पेरलीत तर हंगाम लांबतो. एखाद्या झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक जाळीसारख्या दिसू लागल्या तर तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते. त्यावर औषध नाही. दया न दाखवता झाड काढा, नाहीतर सगळी रांग जाईल.

आता जागेची आखणी. एखादा सुट्टीचा दिवस द्या आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता अंगणात सावली कुठे पडते ते खडूने आखून ठेवा. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. पालेभाजी चार-पाच तासांवर भागवते. दारापर्यंतची वाट मधोमध तीन फुटांची ठेवली तर दोन्ही बाजूंना साडेतीन फुटांचे पट्टे उरतात. बसून हात दोन फुटांपर्यंतच आरामात पोचतो, म्हणून आत दोन-तीन पायदगड टाका. वाफ्यात पाय ठेवायचा नाही, तुडवलेल्या मातीत मुळं गुदमरतात. दोन इंच चांगलं कुजलेलं खत पसरून वरच्या वीतभर मातीत मिसळलं की तयारी झाली. ताजं शेण नको, ते मुळं भाजतं.

घर जुनं आहे म्हणालात, म्हणून हे नीट वाचा. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. भिंती, खिडक्या, जाळ्या खरवडून पुन्हा रंगवल्या की त्या रंगाचे पापुद्रे भिंतीलगतच्या मातीत पडतात आणि शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं. पालेभाज्या आणि कंद यांच्यात ते सगळ्यात सहज येतं, त्यातही मातीची धूळ पानांना चिकटते ती वेगळीच. भिंतीपासून तीन-चार फूट खाण्याचं काही लावू नका, आणि माती परीक्षणाची सोय असेल तर एकदा शिशासाठी तपासून घ्या. तपासणी होईपर्यंत मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका. डागडुजीचा राडारोडाही बहुधा तिथेच पुरलेला असतो. चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, मग झाडाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. विटांचे तुकडे निघाले तर ते वेचून काढा.

म्हणजे भिंतीलगतचा पट्टा वहिनींचा झाला. वाद निम्मा इथेच मिटला. तिथे झिनिया, कॉसमॉस, गॅलार्डिया, मखमल, काय हवं ते लावू द्या. वाटेच्या तापलेल्या कडेला ऑफिस टाइम लावा. त्याला खत नको, पाणी जेमतेम, आणि तापलेल्या दगडाशेजारी ते जास्तच खुलतं. भाजीतल्या घोळीचं ते सख्खं भावंड आहे. ऑफिस टाइमची फुलं मात्र ऊन चढल्यावर उमलतात आणि दुपार कलली की मिटतात, तेव्हा संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर त्यांच्यावर विसंबू नका. सूर्यफूल लावण्याआधी रस्ता कुठल्या दिशेला आहे ते बघा. कोवळं सूर्यफूल सूर्यामागे फिरतं हे खरं, पण पूर्ण उमललेलं पूर्वेकडे तोंड करून थांबतं. रस्ता पश्चिमेला असेल तर येणाऱ्याजाणाऱ्याला अख्खा हंगाम पाठी दिसतील, आणि तोंडं तुमच्या खिडकीकडे. ते हवं असेल तर अवश्य लावा, मला स्वतःला ते आवडतं.

झेंडूबद्दल थोडं. दोन झेंडू कोपऱ्यात लावले की सगळी कीड पळते, ही समजूत पक्की आहे. झेंडूच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक असतं हे खरं, पण त्यासाठी अख्ख्या वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने उभा ठेवावा लागतो. मावा आणि पांढरी माशी तुमच्या दोन झेंडूंना घाबरत नाहीत. तरी लावा, भाजीच्या मधेमधेच लावा, मधमाश्या येतात. त्यासाठी एकेरी पाकळ्यांच्या जाती घ्या. गच्च भरलेल्या फुलात मधमाशीला आत शिरायला वाट नसते. सब्जा फुलावर येऊ दिलात तर मधमाश्यांची रांग लागेल. कण्हेर, सदाफुली आणि घाणेरी मात्र भाजीच्या वाफ्यात नकोत. तिन्ही विषारी आहेत, आणि घाईत पाला खुडणारा हात बघत नाही.

किडीवर फार बोलत नाही. रोज फेरी मारणाऱ्याला कीड पहिल्या दिवशी दिसते, आणि पहिल्या दिवशी ती दोन बोटांत चिरडता येते. कोरड्या उन्हात पानांखाली बारीक जाळं आणि पानांवर फिकट ठिपके दिसले तर ते लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, सकाळी. हौस असेल तर तुमचा पाईप इथे कामाला येईल. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, सोबत थोडा सौम्य साबण, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या परतल्यावर. मी एकदा भर दुपारी फवारलं होतं. चवळीची पानं दुसऱ्या दिवशी पापडासारखी चुरली.

दारासमोर पसारा दिसतो ही वहिनींची तक्रार मात्र मला पटते. भाजी कुरूप नसते, कडा नसलेला वाफा कुरूप दिसतो. तीच झाडं विटांच्या सरळ ओळीच्या आत उभी असली तर बघणाऱ्याला कळतं की हे कोणीतरी ठरवून केलंय. म्हणून आधी कड घाला, मग बी आणा. कुंपणावर एका बाजूला दुधी, दुसऱ्या बाजूला चवळी चढवा, आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात गुडघ्याच्या वर काही नको, गाडी काढताना रस्ता दिसायला हवा. काकडीचा वेल शेवटी शेवटी केविलवाणा दिसतो, तो वाटेवरून दिसणार नाही अशा जागी. पुढच्या ओळीत लाल राजगिरा लावा. तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो, आणि त्याची पानं उन्हात मागून उजळली की कुठल्याही शोभेच्या झाडाच्या तोंडात मारतात. बागेतला कोंबडा, म्हणजे ते तुऱ्यासारखं फूल, त्याच्याच घराण्यातला. वांग्याला जांभळी, चांदणीसारखी फुलं येतात. त्याच्या शेजारी पिवळा झेंडू लावून बघा.

आणि भेंडी मागे लपवू नका, वाटेच्या कडेला रांगेत लावा. भेंडी ही जास्वंदीच्या कुळातली. फिकट लोण्याच्या रंगाच्या पाच पाकळ्या, आणि आत खोल गळ्याशी गडद किरमिजी डोळा. आयुष्य एका दिवसाचं. पहिलं फूल आलं की वहिनींना सकाळी नऊच्या आत हाताला धरून बाहेर आणा आणि जवळून दाखवा. दुपारनंतर दाखवलंत तर ते मलूल होऊन गुंडाळलेलं असेल, आणि मग मी काही मदत करू शकणार नाही.